जहाजावर कायदा कोणाचा? खलाशी, प्रवासी आणि जहाजमालक यांच्यासाठी सागरी कायद्याची प्राथमिक माहिती

२३ मार्च २०२१ रोजी सुमारे ४०० मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनरवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले आणि सहा दिवस तो जलमार्ग बंद पडला. जहाजाचा मालक जपानी, ध्वज पनामाचा, जहाज भाड्याने घेऊन चालवणारी कंपनी तैवानची, तांत्रिक व्यवस्थापन जर्मन, खलाशी भारतीय आणि कालवा इजिप्तचा. जहाज मोकळे झाल्यावरही इजिप्तच्या न्यायालयाच्या आदेशामुळे ते ७ जुलैपर्यंत तेथेच अडकून राहिले. अपघात झाला की चूक कोणाची हे आपण आधी विचारतो, पण समुद्रावर त्याही आधी कायदा कोणाचा हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याची साधने बहुतेक वेळा अपघातापूर्वीच आपल्या हातातल्या कागदांत असतात. म्हणून पुढील माहिती कागदांच्या अंगाने दिली आहे.

ध्वज, पाणी आणि बंदर

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार किनाऱ्यापासून, नेमके सांगायचे तर आधाररेषेपासून, १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी हा किनारी देशाचा प्रादेशिक समुद्र असतो. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. सीमाशुल्क, स्थलांतर आणि आरोग्यविषयक नियमांच्या अंमलबजावणीपुरता किनारी देशाचा अधिकार २४ मैलांपर्यंत पोहोचतो; मासे, खनिजे यांसारख्या साधनसंपत्तीवरचा हक्क २०० मैलांपर्यंत. त्यापलीकडच्या खुल्या समुद्रात जहाजावर सामान्यतः फक्त ध्वजराष्ट्राचा, म्हणजे ज्या देशात जहाजाची नोंदणी आहे त्या देशाचा कायदा चालतो. जहाज परक्या बंदरात शिरले की ध्वजराष्ट्राचा कायदा संपत नाही, पण त्याच्या जोडीला बंदराच्या देशाचा कायदाही लागू होतो. त्या देशाचे निरीक्षक जहाजावर चढून कागदपत्रे, सुरक्षा साधने आणि खलाशांच्या राहण्याची सोय तपासू शकतात आणि गंभीर त्रुटी आढळल्यास जहाज रोखून धरू शकतात. ध्वजराष्ट्र ढिले असेल तेव्हा खलाशाला प्रत्यक्षात आधार मिळतो तो बहुधा या निरीक्षकांचाच.

ध्वज बदलतो, नावही बदलते, मालकही बदलतो. बदलत नाही तो जहाजाचा सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक. कोणतीही नोकरी स्वीकारण्यापूर्वी, तिकीट घेण्यापूर्वी किंवा जुने जहाज विकत घेण्यापूर्वी हा क्रमांक मागून घ्यावा. तो खरा वाटतो की नाही हे कागदावर अर्ध्या मिनिटात पडताळता येते. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणून बेरीज करावी. बेरजेचा शेवटचा आकडा हाच क्रमांकाचा सातवा आकडा असला पाहिजे. ‘एव्हर गिव्हन’चा क्रमांक ९८११००० असा आहे. ९ गुणिले ७ म्हणजे ६३, ८ गुणिले ६ म्हणजे ४८, पुढचे ५ आणि ४, मग दोन शून्ये. बेरीज १२०, शेवटचा आकडा ० आणि क्रमांकाचा शेवटचा आकडाही ०. एजंटाने दिलेला क्रमांक या गणितात बसत नसेल तर पुढचे बोलणे तिथेच थांबवलेले बरे. क्रमांक बसला म्हणजे जहाज चांगले असा मात्र त्याचा अर्थ नाही. तो वापरून जहाजाचा ध्वज, नोंदलेला मालक आणि पूर्वी कुठे रोखले गेले होते का, हे शोधण्याची वाट फक्त मोकळी होते.

खलाशांसाठी: सही करण्यापूर्वी आणि सही केल्यावर

व्यापारी जहाजांवरील खलाशांच्या हक्कांचा पाया म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००६ चा सागरी कामगार करार, जो २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला आणि जहाजावर सर्वजण ज्याला एमएलसी म्हणतात. मासेमारी नौका आणि पारंपरिक बांधणीच्या नौका त्यात येत नाहीत. मासेमारीवरील कामगारांसाठी २००७ चा वेगळा करार आहे.

एमएलसीप्रमाणे प्रत्येक खलाशाला लेखी सेवाकरार मिळालाच पाहिजे, त्यावर खलाशी आणि जहाजमालक किंवा त्याचा प्रतिनिधी या दोघांच्याही सह्या हव्यात आणि सही केलेली एक मूळ प्रत खलाशाजवळ राहिली पाहिजे. सही करण्यापूर्वी करार वाचण्याची आणि त्यावर सल्ला घेण्याची संधी मिळणे हाही हक्कच आहे. करारात मालकाचे नाव आणि पत्ता, पद, पगार किंवा तो काढण्याची रीत, रजा, करार संपवण्याच्या अटी, आजारपण व सामाजिक सुरक्षेची तरतूद आणि मायदेशी परतण्याचा हक्क या गोष्टी नमूद असाव्या लागतात. यांतली सर्वांत महत्त्वाची ओळ मालकाच्या नावाची असते, आणि नेमकी तीच ओळ लोक वाचत नाहीत. पगार थकला की ज्याच्यावर दावा करायचा तो मॅनिंग एजंट, म्हणजे जहाजांना खलाशी पुरवणारा मध्यस्थ, नसून जहाजमालक असतो आणि त्याचे नाव ठाऊक नसेल तर वकिलाचे पहिले काही आठवडे ते शोधण्यातच जातात. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून दलाली घेणे एमएलसीला मान्य नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र, नाविक पुस्तिका आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा खलाशावर टाकता येतो, व्हिसाचा नाही. ‘प्रोसेसिंग’ किंवा ‘ट्रेनिंग’ अशा नावाखाली पैसे मागितले गेल्यास पावती मागावी. पावती देण्याची टाळाटाळ हाच पुरावा समजून दुसरी वाट धरावी.

पगार जास्तीत जास्त एका महिन्याच्या अंतराने मिळाला पाहिजे आणि त्याचा महिनावार हिशेबही मिळाला पाहिजे. हा हिशेब, घरी पाठवलेल्या रकमेची नोंद आणि ओव्हरटाइमचा कागद यांची छायाचित्रे काढून जहाजाबाहेर कुणाकडे तरी पाठवत राहावीत. पगारी रजा सेवेच्या दर महिन्यामागे किमान अडीच दिवस धरली जाते.

विश्रांतीच्या तासांचा नियम ऐकायला सोपा आणि मोजायला फसवा आहे. कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि कोणत्याही ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी, ती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत विभागता येत नाही आणि त्यांतला एक तुकडा सलग ६ तासांचा असावा लागतो. आता चार ते आठच्या पहाऱ्यावरचा एक माणूस पाहा. पहाटे ४ ते ८ पहारा, ९ ते १२ डेकवर रंगकाम, दुपारी ४ ते रात्री ८ पुन्हा पहारा आणि बंदरात शिरायचे म्हणून १० ते १२ जहाज बांधण्याच्या दोरखंडांच्या कामावर उभे राहणे, असा त्याचा दिवस गेला. विश्रांतीची बेरीज केली तर मध्यरात्री ते पहाटे ४ तास, सकाळी १ तास, दुपारी ४ तास आणि रात्री २ तास मिळून ११ तास भरतात, म्हणजे दहाच्या वरच. पण त्या अकरा तासांचे चार तुकडे झाले आहेत आणि सहा तासांचा सलग तुकडा एकही नाही. म्हणून हा नियमभंगच आहे. ध्वजराष्ट्राने मान्य केलेल्या सामूहिक करारात काही सवलत असू शकते, आणि जहाज, माणसे किंवा माल यांच्यावर तातडीचे संकट आल्यास कप्तान वेळापत्रक बाजूला ठेवू शकतो, मात्र संकट टळल्यावर पुरेशी भरपाईची विश्रांती द्यावी लागते. तासांच्या तक्त्यावर दर महिन्याला खलाशाची सही घेतली जाते. घडले नाही ते लिहिलेल्या तक्त्यावर सही करू नये, कारण पुढे थकव्यामुळे अपघात झाला तर तोच कागद खलाशाविरुद्ध वापरला जातो. सही टाळणे शक्य नसेल, आणि जहाजावर ते बरेचदा शक्य नसते, तर स्वतःच्या वहीत त्याच दिवशी खऱ्या वेळा तारखेसह लिहून ठेवाव्यात. महिन्यानंतर आठवून लिहिलेल्या वहीपेक्षा रोजच्या रोज लिहिलेल्या वहीला न्यायालयात कितीतरी अधिक वजन असते.

सेवेत असताना आजार किंवा दुखापत झाल्यास उपचार, राहणे आणि जेवण यांचा खर्च मालकाने करायचा असतो आणि जहाजावर असेपर्यंत पूर्ण पगार द्यायचा असतो. किनाऱ्यावर उतरवल्यानंतरची जबाबदारी राष्ट्रीय कायद्याने मर्यादित करता येते, पण ती दुखापतीपासून १६ आठवड्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. येथे खलाशाची एक चूक वारंवार महागात पडते. पाठीत लचक भरली, बोट चेमटले, तर ‘उगाच नोंद कशाला’ म्हणून ती गोष्ट तशीच सोडून दिली जाते आणि सहा महिन्यांनी घरी गेल्यावर शस्त्रक्रियेची वेळ आली की दुखापत जहाजावर झाली हेच सिद्ध होत नाही. नोंद त्याच दिवशी, लेखी, वेळेसह आणि साक्षीदारांच्या नावांसह करून घ्यावी. भरपाई घेताना ‘सर्व दावे संपले’ असे लिहिलेल्या कागदावर वैद्यकीय उपचार पूर्ण होण्यापूर्वी सही करू नये.

जहाज वाऱ्यावर सोडले गेल्याची व्याख्याही एमएलसीत दिलेली आहे. मालक परतीचा खर्च करत नसेल, जेवण, पाणी, इंधन, औषधे पुरवत नसेल किंवा किमान दोन महिन्यांचा पगार न देण्यासह इतर प्रकारे त्याने संबंध तोडले असतील, तर यांपैकी कोणतीही एक गोष्ट पुरेशी आहे. १८ जानेवारी २०१७ पासून अशा प्रसंगासाठी आर्थिक हमी ठेवणे बंधनकारक असून तिच्यातून थकलेला पगार चार महिन्यांपर्यंत आणि परतीचा खर्च मिळू शकतो. हमी देणाऱ्या संस्थेचे नाव आणि संपर्क असलेले प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल अशा जागी लावलेले असते. साइन-ऑन झाल्यावर, म्हणजे जहाजावर रुजू झाल्यावर, पहिल्याच आठवड्यात त्याचा फोटो काढून घ्यावा. हमी चार महिन्यांपुरती आहे, हे लक्षात घेतले तर सहा-सात महिने ‘पुढच्या बंदरात पैसे येतील’ या आश्वासनावर थांबणे किती तोट्याचे आहे ते कळते. जहाजावरील तक्रारपद्धत, ध्वजराष्ट्र, बंदराचे निरीक्षक, स्वतःच्या देशाचा दूतावास आणि आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाचे निरीक्षक यांपैकी कोणाकडेही जाता येते आणि तक्रार केली म्हणून खलाशावर सूड उगवण्यास एमएलसीने मनाई केली आहे.

त्याशिवाय बहुतेक सागरी देशांच्या कायद्यात पगारासाठी जहाजावर सागरी धारणाधिकार असतो. हा हक्क मालकाला नव्हे, जहाजालाच चिकटलेला असतो आणि त्याच्या आधारे न्यायालयाकडून जहाज जप्त करवून त्याच्या विक्रीतून पैसे वसूल करता येतात. जहाज आपण बसलो आहोत त्या बंदरात असणे हीच येथे मोठी ताकद असते. जहाज सुटले की ती ताकदही त्याच्याबरोबर निघून जाते.

टक्कर, मृत्यू किंवा तेलगळती झाल्यावर पोलीस जहाजावर आले तर चौकशीला सहकार्य करावे, पण दुभाषा, वकील आणि वाणिज्य दूताशी संपर्क मागण्यात काहीही गैर नाही. न कळणाऱ्या भाषेतील जबाबावर सही करू नये. खुल्या समुद्रातील टकरीबद्दल कप्तान किंवा खलाशावर फौजदारी कारवाई करण्याचा अधिकार फक्त ध्वजराष्ट्राला किंवा त्या व्यक्तीच्या स्वतःच्या देशाला असतो, हे १९८२ च्या कराराचे कलम ९७ सांगते.

प्रवाशांसाठी: तिकिटाच्या मागची बाजू

प्रवाशाचे तिकीट हा करार असतो. त्यात दावा कोणत्या देशाच्या न्यायालयात आणि किती मुदतीत करायचा याच्या अटी असतात, त्यामुळे निदान तेवढी दोन कलमे आरक्षणाच्या वेळीच वाचावीत. आंतरराष्ट्रीय सागरी प्रवासासाठी १९७४ चा अथेन्स करार आणि त्याचा २००२ चा सुधारणा-करार (प्रोटोकॉल) महत्त्वाचा आहे. हा सुधारणा-करार २३ एप्रिल २०१४ पासून लागू झाला. सर्व देशांनी तो स्वीकारलेला नाही आणि देशांतर्गत फेरीला तो आपोआप लागू होत नाही. जेथे तो लागू असतो तेथे जहाज बुडणे, उलटणे, टक्कर, रुतणे, स्फोट, आग किंवा जहाजातील दोष यांमुळे प्रवासी मृत अगर जखमी झाल्यास वाहतूकदाराची चूक सिद्ध न करताही अडीच लाख विशेष आहरण अधिकारांपर्यंत भरपाई मिळू शकते. युद्धासारखे मोजके अपवाद वगळता. त्यावर चार लाखांपर्यंतच्या रकमेसाठी आपली चूक नव्हती हे वाहतूकदाराने सिद्ध करायचे असते. विशेष आहरण अधिकार हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक असून त्याचा दर डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांवर ठरतो.

ओल्या जिन्यावर पाय घसरला किंवा जेवणातून विषबाधा झाली, तर मात्र वाहतूकदाराची चूक दाखवण्याचे ओझे प्रवाशावर येते. म्हणून जागेचे छायाचित्र, आसपासच्या लोकांचे संपर्क आणि जहाजावरील वैद्यकीय नोंदीची प्रत उतरण्यापूर्वीच घ्यावी. सामानाचे दिसणारे नुकसान केबिनमधल्या सामानाबाबत उतरतानाच आणि सोपवलेल्या सामानाबाबत ते परत घेतानाच लेखी कळवावे. न दिसणाऱ्या नुकसानीसाठी १५ दिवसांची मुदत असते. दागिने आणि रोकड जपून ठेवण्यासाठी जहाजाकडे रीतसर सोपवलेली नसेल तर वाहतूकदार सहसा जबाबदार धरला जात नाही. या कराराखाली दाव्याची मुदत दोन वर्षे असते आणि ती साधारणपणे उतरल्याच्या दिवसापासून मोजली जाते. कराराबाहेरच्या प्रवासात तिकिटातील अटीने ती याहूनही कमी असू शकते.

आणखी एक गोष्ट, जी कायद्याची असूनही लोक तिला करमणुकीतला अडथळा समजतात. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे प्रवासी जहाज इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आदळले आणि ३२ जणांचा जीव गेला. त्या दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची आपत्कालीन कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चढल्यापासून २४ तासांत घेतली तरी चालत असे. त्यानंतर सोलास या सुरक्षा करारात बदल होऊन १ जानेवारी २०१५ पासून, २४ तासांहून अधिक काळच्या प्रवासात, ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे सक्तीचे झाले. सात किंवा अधिक छोटे आणि मग एक लांब भोंगा हा जमण्याचा इशारा असतो.

जहाजमालकांसाठी: मर्यादा आणि ती गमावण्याचे मार्ग

जहाजमालकाला कायद्याने एक मोठी सवलत दिली आहे. १९७६ चा दायित्वमर्यादा करार आणि त्याचा १९९६ चा सुधारणा-करार यांनुसार एका घटनेतून उद्भवणाऱ्या बहुतेक दाव्यांची एकूण जबाबदारी जहाजाच्या टनभारानुसार ठरलेल्या रकमेपुरती मर्यादित करता येते. २०१५ पासून लागू असलेल्या दरांप्रमाणे २००० टनांपर्यंतच्या जहाजासाठी ही मर्यादा जीवित व दुखापतीच्या दाव्यांकरिता ३०.२ लाख आणि इतर दाव्यांकरिता १५.१ लाख विशेष आहरण अधिकार आहे. सॅल्व्हेजचे, म्हणजे संकटातले जहाज किंवा माल वाचवण्याच्या मोबदल्याचे, दावे मर्यादेबाहेर राहतात, तसेच अनेक देशांत खलाशांचेही. नुकसान करण्याच्या हेतूने, किंवा नुकसान होण्याची शक्यता माहीत असूनही बेपर्वाईने मालकाने स्वतः काही केले असेल, तर हे कवच गळून पडते.

‘माहीत असूनही’ या शब्दांचे वजन ६ मार्च १९८७ च्या घटनेतून कळते. ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही वाहनवाहू फेरी बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली, पाणी आत शिरले आणि १९३ माणसे दगावली. दरवाजे बंद आहेत की नाहीत हे ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, दाखवणारे दिवे बसवावेत अशी मागणी कंपनीच्या कप्तानांनी आधीच केलेली होती आणि कार्यालयात ती थट्टेवारी नेली गेली होती. या दुर्घटनेनंतरच्या हालचालींतून आयएसएम संहिता, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय नियम, आली आणि १ जुलै १९९८ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. तिच्याप्रमाणे किनाऱ्यावर एक नियुक्त व्यक्ती असावी लागते, जिला कंपनीच्या सर्वोच्च व्यवस्थापनापर्यंत थेट पोहोचता येते. जहाजावरून आलेली सुरक्षेची तक्रार या व्यक्तीच्या ई-मेलमध्ये उत्तराविना पडून राहणे, यासारखा मालकाविरुद्धचा पुरावा दुसरा नाही. प्रत्येक तक्रारीला तारीखवार उत्तर द्यावे आणि खर्च परवडत नसेल तर जहाज थांबवण्याचा निर्णयही लेखी घ्यावा.

प्रदूषणाच्या बाबतीत मारपोल करार पाळताना खरी परीक्षा तेलाच्या नोंदवहीची होते. यंत्रखोलीतील तेलमिश्रित पाणी चालू जहाजातून गाळणी यंत्रणेमार्फतच आणि दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा जास्त तेल नसेल तरच समुद्रात सोडता येते. गाळणीला वळसा घालणारी चोरनळी बसवून खुल्या समुद्रात तेल सोडले तर ती कृती बंदराच्या देशाच्या हद्दीबाहेर घडलेली असते. पण ती लपवणारी खोटी नोंदवही निरीक्षकापुढे ठेवली जाते ती बंदरात, आणि खटला त्या खोट्या वहीवर उभा राहतो. अशा प्रकरणात इंजिनिअर आणि कप्तानही आरोपी होतात, केवळ कंपनी नाही.

जहाज संकटात सापडले तर सॅल्व्हेजसाठी हो म्हणायला कार्यालयाच्या परवानगीची वाट पाहू नये. १९८९ च्या सॅल्व्हेज करारानुसार मालकाच्या वतीने असा करार करण्याचा अधिकार कप्तानाला असतो. जहाज किंवा माल वाचला तरच मोबदला, आणि तोही वाचलेल्या मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त नाही, हे त्याचे मूळ तत्त्व आहे. पर्यावरणाची हानी रोखण्याच्या प्रयत्नांसाठी वेगळी भरपाई मिळू शकते. सर्वांच्या सुरक्षिततेसाठी मुद्दाम केलेल्या त्यागाचा आणि असाधारण खर्चाचा भार जहाज व माल यांच्या मालकांनी किमतीच्या प्रमाणात उचलायचा असतो, त्याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. ही कल्पना इतकी जुनी आहे की जस्टिनियनच्या रोमन कायदेसंग्रहात ती ऱ्होड्सच्या कायद्याच्या नावाने सापडते. ‘एव्हर गिव्हन’च्या मालकाने तेच जाहीर केले होते. मालधन्याने हमी दिल्याशिवाय अशा वेळी त्याचा कंटेनर सोडला जात नाही, म्हणून विमा नसलेल्या मालधन्याची मोठी कोंडी होते. प्रवाशाच्या सोबतच्या सामानावर मात्र हा भार येत नाही.

जुने जहाज विकत घेताना नोंदणीदप्तरात फक्त गहाण दिसते. थकलेले पगार, सॅल्व्हेजचा मोबदला, टकरीतील नुकसान यांचे धारणाधिकार कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसतात आणि ते विक्रीनंतरही जहाजाबरोबर नव्या मालकाकडे जातात. म्हणून विक्रीकरारात सर्व भारांपासून मुक्ततेची हमी तर घ्यावीच, शिवाय ताबा घेण्यापूर्वी खलाशांच्या अखेरच्या पगाराचे हिशेब, बंदरशुल्काच्या पावत्या आणि मागील अपघातांचे अहवाल पाहावेत, आणि किमतीचा काही भाग काही काळ तिऱ्हाइताकडे अडकवून ठेवता आला तर ठेवावा. सक्षम न्यायालयाने केलेल्या लिलावात सामान्यतः हे धारणाधिकार जहाजावरून उतरून विक्रीच्या रकमेवर जातात, त्यामुळे लिलावातले गंजके जहाज कधीकधी रंगवलेल्या चकचकीत जहाजापेक्षा कायद्याच्या दृष्टीने अधिक स्वच्छ असते.